ठाण्याहून लंडन-न्यूयॉर्क: विमानाचं अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घड्याळाचा घोळ

तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ दुपारी १.३० आणि लंडनला पोचण्याची संध्याकाळी ६. साडेचार तासांत लंडन? अर्थातच नाही, प्रवास दहा तासांचा आहे. परतीच्या तिकिटावर मात्र रात्री ८.३० ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी १०.३० ला मुंबई, म्हणजे बघता बघता चौदा तास. तो प्रवास प्रत्यक्षात साडेआठ तासांचाच असतो.

पहिल्यांदा परदेशी जाणारा, किंवा मुलाकडे निघालेले आई-वडील, इथेच गोंधळतात. कारण एका प्रवासात चार वेगवेगळे आकडे असतात: नकाशावरचं अंतर, विमानाचा वेळ, दोन गावांच्या घड्याळांतला फरक आणि घराच्या दारापासून तिकडच्या दारापर्यंतचा वेळ. हे चार आकडे एकमेकांत मिसळले की टॅक्सी चुकीच्या वेळी येते, पुढचं विमान सुटतं आणि कोणीतरी मध्यरात्री नको त्या विमानतळावर उभं राहतं. म्हणून ते एकेक करून काढायचे.

हाताशी काय ठेवाल

- तिकीट. त्यावर दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड आणि टर्मिनलचा क्रमांक असायला हवा.
- पासपोर्ट, व्हिसा आणि मधे थांबा असेल तर त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम.
- फोनमधल्या जागतिक घड्याळात दोन्ही गावं.
- अंतरासाठी ग्रेट सर्कल मॅपर हे संकेतस्थळ, किंवा गुगल अर्थमधली मोजपट्टी.
- फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर. विमानाचा खरा वेळ इथे कळतो.
- कागद-पेन. हसू नका, तारीख बदलते तिथे तोंडी हिशेब हमखास चुकतो.

१. आधी कोड वाचा, मग गावाचं नाव

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली, तेव्हापासून ‘मुंबईहून विमान आहे’ एवढं म्हणून भागत नाही. सहार-सांताक्रूझचा कोड बीओएम, उलवे-पनवेलकडच्या नव्या विमानतळाचा एनएमआय. तिकिटाच्या साइटवर ‘मुंबई, सर्व विमानतळ’ निवडलं की दोन्हीकडची उड्डाणं एकाच यादीत दिसतात आणि स्वस्त दिसलं म्हणून माणूस बटण दाबून मोकळा होतो.

आकाशातल्या अंतराला या निवडीने काही फरक पडत नाही. दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर २३-२४ किलोमीटर, म्हणजे विमानाला दोन मिनिटंही नाहीत. रस्त्यावर मात्र चित्र वेगळं. खारघर, पनवेल, उलवेकरांना एनएमआय म्हणजे घराशेजारचा. माजिवडा किंवा कोपरीहून बीओएम जवळ. ऐरोली-घणसोलीच्या मंडळींनी त्या-त्या वेळेची वाहतूक बघून ठरवावं.

खरा सापळा जोडविमानात आहे. नागपूरहून एनएमआयला उतरायचं आणि चार तासांनी बीओएमवरून लंडनचं विमान, असं तिकीट घेऊ नका. सामान घ्या, बाहेर पडा, सायन-पनवेल महामार्ग किंवा अटल सेतूवरून मुंबईत शिरा, पुन्हा रांगेत लागा. चार तास कुठे गेले कळणार नाही.

तिकडच्या टोकालाही हेच. लंडनला हीथ्रोचा एलएचआर, गॅटविकचा एलजीडब्ल्यू. न्यूयॉर्कसाठी केनेडीचा जेएफके आणि शेजारच्या न्यू जर्सीतला नेवार्कचा ईडब्ल्यूआर. घ्यायला येणाऱ्याला गावाचं नाव सांगू नका, कोड सांगा.

२. हवाई अंतर काढा

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. सपाट नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवतो. दोन अक्षांशांमधलं अंतर सगळीकडे साधारण १११ किलोमीटर असतं. दोन रेखांशांमधलं मात्र उत्तरेला जाल तसं घटतं. मुंबईजवळ एका रेखांशाला सुमारे १०५ किलोमीटर पडतात, ६० अंश उत्तरेला फक्त ५५-५६. म्हणून लांबचं विमान उत्तरेकडे चढून जातं, तोच जवळचा रस्ता. मुंबई-न्यूयॉर्क ही सर्वांत जवळची रेषा जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत जाते. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर ठेवून ताणा. दोरा आपोआप वर सरकतो. पोरांना दाखवायलाही छान.

या जवळच्या रेषेने बीओएमपासूनची अंतरं साधारण अशी:

- दिल्ली: १,१४० किमी
- दुबई: १,९३० किमी
- सिंगापूर: ३,९२० किमी
- लंडन, हीथ्रो: ७,२०० किमी
- सिडनी: १०,१६० किमी
- न्यूयॉर्क, केनेडी: १२,५३० किमी
- सॅन फ्रान्सिस्को: १३,५१० किमी

एनएमआयहून निघालात तरी हेच आकडे धरा.

एकक नीट बघा. विमानवाले नॉटिकल मैलांत बोलतात (१.८५२ किमी), अमेरिकी साइट साध्या मैलांत (१.६०९ किमी). लंडनचंच अंतर ३,८९० नॉटिकल मैल, ४,४८० मैल किंवा ७,२०० किलोमीटर असं तीन तऱ्हांनी दिसेल. तिन्ही बरोबर आहेत.

३. अंतराचा वेळ करा

७,२०० ला ९०० ने भागलं, आठ तास आले, झालं! असं होत नाही. विमान त्या रेषेवरून तंतोतंत जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं. शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरणं, तिकडच्या गेटला लागणं, सगळं त्यात आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमान आत बसल्या जागी वीस-पंचवीस मिनिटं खातं.

कामचलाऊ हिशेब असा करा:

अंतर × १.०५ = प्रत्यक्ष मार्ग. त्याला वेगाने भागा. वर ४० मिनिटं घाला.

मोठ्या विमानाचा वेग हवेच्या मानाने ताशी ९०० किमीच्या आसपास असतो. पश्चिमेकडे जाताना ८६० धरा, पूर्वेकडे येताना ९४०. एकाच मार्गिकेच्या छोट्या विमानासाठी ८०० पुरे.

लंडन, जाताना: ७,२०० × १.०५ = ७,५६०. भागिले ८६० म्हणजे ८ तास ४७ मिनिटं, अधिक ४०, एकूण साधारण साडेनऊ तास. येताना ९४० ने भागलं की पावणेनऊच्या जवळपास. न्यूयॉर्क याच हिशेबाने जाताना १६ तास, येताना १४ तास ४० मिनिटं. दुबई छोट्या विमानाने सव्वातीन तासांच्या आत.

हा अंदाज आहे, वेळापत्रक नव्हे. खरा आकडा हवा असेल तर फ्लाइटरडार२४ वर तुमच्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्यातली उड्डाणं बघा: गेट किती वाजता सोडलं, उतरलं किती वाजता. सात दिवसांपैकी चार दिवस तासभर उशीर दिसला, तर कंपनीच्या छापील वेळेपेक्षा त्यावर विश्वास ठेवा.

४. जाताना जास्त, येताना कमी: वारा आणि बंद आकाश

‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून वेळ बदलतो’ हे स्पष्टीकरण घरोघरी ऐकू येतं. चूक आहे, हवा पृथ्वीबरोबरच फिरत असते. फरक पडतो तो जेट प्रवाहामुळे. मध्य अक्षांशांवर, विमानं उडतात त्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. ताशी १००-२०० किमी ही नेहमीची गोष्ट, हिवाळ्यात आणखी जोर. लंडनहून येताना तो पाठीला असतो, जाताना तोंडावर. सिंगापूरच्या बाजूला, विषुववृत्ताजवळ, हा प्रवाह जवळपास नसतो, म्हणून तिथे जाण्या-येण्यात फारसा फरक दिसत नाही.

वाऱ्यासाठी विमान मुद्दाम लांबून जातं याचं उत्तम उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. ऑक्टोबर २०१६ मध्ये हे उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किमी झालं आणि वेळ उलट कमी लागला, साडेचौदा तासांच्या आसपास. नुसतं अंतर बघून वेळ सांगणाऱ्याला हे ऐकवा.

दुसरं कारण बंद आकाश. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय कंपन्यांना बंद केलं आणि ही बंदी पुढे महिन्या-महिन्याने वाढत गेली. याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. मुंबईची विमानं अशा वेळी अरबी समुद्रावरून आखाताकडे वळतात, त्यामुळे दिल्लीच्या मानाने आपल्याला झळ कमी. तरी युरोपच्या प्रवासात जास्तीची मिनिटं धराच. २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबावं लागलं होतं. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, आणि ब्रिटन, युरोपीय संघ व अमेरिकेच्या कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही.

यातून व्यवहाराचं सूत्र इतकंच: एकाच गावाला जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या वेळांत तासाभराचा फरक दिसला तर दचकू नका, त्यांचे रस्ते वेगळे असतात. आणि पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या काकांनी सांगितलेला वेळ आजच्या हिशेबात धरू नका.

५. घड्याळ: सगळं आधी भारतीय वेळेत आणा

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावाची स्थानिक वेळ असते. नियम एकच: पोचण्याची वेळ आधी भारतीय वेळेत आणा, मगच वजाबाकी करा.

- दुबई: आपल्या दीड तास मागे, बाराही महिने.
- सिंगापूर: अडीच तास पुढे, बाराही महिने.
- लंडन: हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार.
- न्यूयॉर्क: हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ.
- सॅन फ्रान्सिस्को: हिवाळ्यात साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा.
- सिडनी: आपल्या हिवाळ्यात साडेपाच तास पुढे, एरवी साडेचार. त्यांचे ऋतू उलटे.

सुरुवातीचं उदाहरण घ्या, हिवाळ्यातलं. लंडनचे संध्याकाळचे ६ म्हणजे आपले रात्रीचे ११.३०. त्यातून दुपारचे १.३० वजा केले, दहा तास. परतीला लंडनचे रात्रीचे ८.३० म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे २. तिथून सकाळी १०.३० पर्यंत साडेआठ तास. सुटला गुंता.

न्यूयॉर्कचा: मुंबई पहाटे २ ला सोडली, न्यूयॉर्क त्याच तारखेला सकाळी ७.३० ला. हिवाळ्यात तिकडचे ७.३० म्हणजे आपले संध्याकाळचे ६. सोळा तास. परत येताना दुपारी १२ ला निघालात तर इथे दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या पुढे पोचाल. तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘+१’ दिसतो तो हाच. हॉटेल, टॅक्सी, रजेचा अर्ज, सगळं त्या +१ च्या तारखेने करा.

उन्हाळा-हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे-मागे करण्याच्या तारखा अमेरिका आणि ब्रिटनच्या वेगवेगळ्या आहेत. २०२६ मध्ये अमेरिकेची घड्याळं ८ मार्चला पुढे आणि १ नोव्हेंबरला मागे. ब्रिटनची २९ मार्च आणि २५ ऑक्टोबरला. तिकिटावरच्या वेळांत हा बदल धरलेला असतो, त्यामुळे विमानाच्या वेळेत स्वतःच्या मनाने तास घालू-काढू नका. घोळ होतो तो फोन करण्यात आणि ‘तू किती वाजता येतोस’ हे ठरवण्यात.

आता सगळ्यांत महागडी चूक. मुंबईची बरीच लांब पल्ल्याची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ०२.००’ असेल तर घरातून निघायचं १४ तारखेच्या रात्री. १५ च्या रात्री बॅगा भरून विमानतळावर गेलात तर विमान जाऊन वीस तास झालेले असतील. पंचांगात दिवस सूर्योदयाला बदलतो, तिकिटावर रात्री बाराला. कॅलेंडरवर १४ च्या चौकोनात लाल पेनाने लिहा: ‘आज रात्री निघायचं’.

रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांनी स्थानिक घड्याळ बघून डोस ठरवू नये. दोन डोसांमधले तास मोजावेत. इन्सुलिन असेल तर डॉक्टरांकडून प्रवासाच्या दिवसाचं वेळापत्रक लिहूनच घ्या, आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा.

६. मधे थांबा असेल तर

एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असतील तर पहिल्याला उशीर झाल्यास पुढची सोय कंपनी करते आणि सामान बहुधा थेट शेवटच्या गावी जातं. तरी मधे अडीच तासांपेक्षा कमी वेळ नको. मोठ्या विमानतळावर गेट बदलायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर पाच-सहा तास ठेवा, आणि पुढचं विमान चुकलं तर खिशातूनच भरायचं हे गृहीत धरा.

मुंबईतच टर्मिनल बदलायचं असेल, म्हणजे टी१ ला उतरून टी२ वरून पुढे, तर ते एका इमारतीतलं चालणं नव्हे. बाहेर पडून रस्त्याने जावं लागतं.

अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन पार करावं लागतं आणि त्यासाठी व्हिसा लागतो. टोरंटो न्यूयॉर्कमार्गे स्वस्त दिसलं, तर आधी हे आठवा. लंडनमार्गे जातानाही भारतीय पासपोर्टला ट्रान्झिटचे नियम आहेत. तिकिटाआधी ते वाचा, नंतर नव्हे.

७. दारापासून दारापर्यंत

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर. चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, काही ठिकाणी त्याहूनही लवकर. वेब चेक-इन केलं म्हणून सामान द्यायची रांग चुकत नाही.

ठाण्याहून टी२ साधारण २५ किलोमीटर. रात्री अकरानंतर पाऊण तास पुरतो. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ दीड तासही कमी पडतो, मुलुंड ते पवई या टप्प्यात. घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या पलीकडे राहत असाल तर आणखी अर्धा तास धरा. ऑक्टोबर २०२४ पासून मुलुंड, ऐरोली, वाशीच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही, पण कोंडी काही माफ झालेली नाही. पावसाळ्यात सखल भागात पाणी तुंबतं. भरतीच्या वेळेला मुसळधार असेल तर तासभर जादा.

हातात एकच बॅग असेल आणि विमान दिवसाचं असेल तर रस्ता टाळता येतो: ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रो ३ पकडून पुढचंच स्टेशन टी२. दोन मोठ्या बॅगा आणि सकाळची गर्दी असेल तर हा बेत करू नका. रात्री मेट्रो बंद असते, आणि रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते बघा.

लंडनचा पूर्ण हिशेब भारतीय वेळेत मांडला तर असा होतो: सकाळी ८.३० ला माजिवडा सोडलं, १०.३० च्या आत टी२, दुपारी १.३० ला विमान, रात्री ११.३० ला हीथ्रो. इमिग्रेशन आणि सामानाला सव्वा तास, शहरात घरी पोचायला तेवढाच. म्हणजे आपले रात्रीचे २. उड्डाण दहा तासांचं, प्रवास साडेसतरा तासांचा. जेवण, झोप, गोळ्या या साडेसतरा तासांवर ठरवा. घ्यायला येणाऱ्याला उतरण्याची वेळ सांगून लवकर बोलावू नका, तासाभराने यायला सांगा. तिकडे पार्किंग महाग असतं.

८. उशीर झाला, विमान रद्द झालं

इथे पहिले दोन आकडे, अंतर आणि विमानाचा वेळ, पैशांत बदलतात, म्हणून ते लिहून ठेवलेले बरे. भारतात कंपनीने वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर भरपाई उड्डाणाच्या गेट-ते-गेट वेळावर ठरते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. हवामान किंवा बंद आकाशासारखी कारणं असली तर नाही.

युरोपीय संघातून निघणाऱ्या विमानांना, कंपनी कोणत्याही देशाची असो, भरपाईचा पाया अंतर आहे, तेही जवळच्या रेषेतलं. ३,५०० किमीच्या पुढे ६०० युरोपर्यंत, पोचायला तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीचा असला तर. ब्रिटनमध्येही याच धर्तीचा कायदा आहे. फ्रँकफर्ट किंवा लंडनहून मुंबई या मर्यादेच्या कितीतरी पुढे, म्हणून बोर्डिंग पास फेकू नका, आणि विमानाचं दार किती वाजता उघडलं ते लिहून ठेवा. उशीर मोजतात तो त्या क्षणापर्यंत, चाकं टेकण्याच्या क्षणापर्यंत नव्हे.